डाव्या हाताचा सडा

अक्षय्य तृतीया, सन एकोणीसशे अठ्ठावीस. रक्कम रुपये पंचवीस. जागा, सोलापुरातल्या आमच्या पेठेतल्या वकिलांचा ओटा. हजर माणसे चार — खुद्द वकील, मळ्याचे मालक रावसाहेब, अत्तरवाले हुसेनभाई आणि मी.

सुरुवात अशी रुक्ष केली याचे कारण, पुढे जे सांगायचे आहे त्यात हाताला घट्ट लागते ते एवढेच. मी एका सुताच्या पेढीवर हिशेबनीस आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर दोनच प्रश्न विचारीत आलो. तू स्वतः पाहिलेस का? आणि त्यात तुझा फायदा काय? बहुतेकांची गोष्ट पहिल्या प्रश्नाला संपते, उरलेल्यांची दुसऱ्याला. आता वाचकांनी हेच दोन प्रश्न मला विचारावेत. पाहिले — होय, स्वतः. फायदा — काडीचा नाही. आणि या गोष्टीचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

किल्ल्याच्या खंदकामागून एक पायवाट निघते. तळ्याच्या बांधाने थोडी जाते, मग कडुनिंब, चिंचा आणि बाभळी यांच्या गर्दीत शिरते, एका जुन्या बारवेला वळसा घालते आणि रावसाहेबांच्या मळ्याच्या कडेने कंबर तलावाच्या रस्त्याला लागते. सगळी वाट शहराच्या पोटात. एका अंगाला गिरणीची चिमणी दिसते, दुसऱ्या अंगाला कोष्ट्यांच्या मागांची खटखट ऐकू येते — आणि मध्ये मात्र असे वाटते की आपण कुठल्या तरी लांबच्या खेड्यात आलो आहोत. सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्यालाच या वाटेची किंमत कळेल. दिवस उगवला की पत्रे तापतात, दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही, रात्री घरातली हवा कढत असते. थंडाव्याची म्हणून जी काय घटका मिळते ती उजाडायच्या आधीची. त्या घटकेला आम्ही दहा-बारा माणसे त्या वाटेने फिरायला जात असू. कोकिळ ओरडत असायचा, बहावा फुललेला असायचा, बांधावर बगळे अजून पिसांत मान घालून असायचे. आणि पायाखाली मऊ, रात्रभर निवलेला फुफाटा.

मी हौसेने जात नव्हतो. आमच्या कुटुंबाला आदल्या वर्षी विषमज्वर झाला होता. जीव वाचला, पण दुखणे गेल्यावरही तिला घरात गुदमरल्यासारखे होई. रात्र-रात्र उंबऱ्यात बसून राही. वैद्य म्हणाले, औषध पुरे झाले, आता हिला पहाटे मोकळ्यावर चालवा. पहिल्या दिवशी जानकी पहिल्या कडुनिंबापर्यंत गेली आणि बसली. महिन्याने बारवेपर्यंत गेली. पुढे सगळी वाट चालू लागली, घरी येऊन भाकरी थापू लागली, चुलीपुढे गुणगुणू लागली. नवरा-बायको जोडीने फिरायला जातात म्हणून आळीत थट्टा व्हायची. "सायेब-मडम निघाले हवा खायला," असे मागून ऐकू यायचे. जानकी मागे वळून म्हणायची, "हवा फुकट आहे, तुम्हीपण या." अशी बाई वर्षभर उंबऱ्यात मुकाट बसली होती! ती वाट म्हणजे माझ्या लेखी काय होती हे यावरून कळावे.

त्या चैत्रात वाटेवरची माणसे कमी होऊ लागली. विचारले तर कोणी नीट सांगेना. शेवटी कळले की रावसाहेबांच्या मळ्याचा राखणदार तुकाराम याने बारवेपाशी पहाटेच्या वेळी "काहीतरी" पाहिले होते, आणि रावसाहेब ते येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगत होते. बायका पहिल्या गळाल्या, मग त्यांचे नवरे. उरलो आम्ही दोघे आणि हुसेनभाई.

यातला फायद्याचा प्रश्न मी लगेच सोडवला. रावसाहेबांना मळा वाढवून बांधापर्यंत न्यायचा होता आणि तळ्याच्या काठी पाण्याचे इंजिन बसवायचे होते. आडवी येत होती ती वाट. वकिलांनी मला समजावले की लोकांची वहिवाट आहे तोवर वाट कोणाला अडवता येत नाही. पण लोकांनी आपण होऊन जाणे सोडले, तर वहिवाट आपोआप मरते. मला दुसरा पुरावा नको होता. भुताचा धनी कोण ते मला दिसत होते.

अक्षय्य तृतीयेला वकिलांकडे आम्ही जेवायला होतो. हुसेनभाई पानापुरते ओट्यावर आले. रावसाहेबही आले, आणि सुपारी कातरता कातरता त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. माझा संयम संपला. मी म्हणालो की तुमच्या मळ्यात या साली भुतांचे पीक बरे आलेले दिसते. ते हसले. म्हणाले, "पंत, पौर्णिमेपर्यंत रोज जा. काही दिसलं तर याच ओट्यावर सांगायचं, पंचवीस रुपये द्यायचे, आणि लोकांना वाट सोडा म्हणून तुम्हीच सांगायचं. नाही दिसलं, तर पंचवीस मी देतो आणि वाटेचं नाव काढत नाही."

"आणि मी पाहून नाही म्हणालो तर?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्यावर पैसे लावतोय."

मी आयुष्यात पैज लावलेली नव्हती. त्या दिवशी लावली. दोघांचे पंचवीस-पंचवीस वकिलांकडे ठेवले. हुसेनभाई कानात म्हणाले, "पंत, गुस्सा म्हंजे महागाचं अत्तर हाय. एक थेंब बास होतंय, तुमी बाटली उपडी केली."

पहिले चार-पाच दिवस काही झाले नाही. वाट आमच्या तिघांचीच होती आणि खरे सांगायचे तर इतका आनंद मला त्या वाटेवर आधी कधी झाला नव्हता. जिंकलेली वाट वेगळीच दिसते. जानकी पुढे, मी मध्ये, हुसेनभाई मागे आपला जप पुटपुटत. पेढीवर मी मनातल्या मनात पंचवीस रुपयांच्या वाटण्याही करून ठेवल्या होत्या.

मग एका पहाटे बारवेच्या अलीकडे जानकी थांबली. वाकून तिने चपला काढल्या आणि हातात घेतल्या. मी विचारले काटा मोडला काय. ती म्हणाली, "सडा घातलाय."

वाटेवर सडा घातलेला होता. अंगणात घालतात तसा. फुफाट्यावर थेंबांचे काळे ठिपके, ओळीने, वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. वैशाखाचा महिना. शहरात घागरीसाठी भांडणे चाललेली. आणि इथे, जिथे ना घर ना दार, तिथे कोणीतरी पाणी शिंपले होते. मातीचा वास असा सुटला होता की हुसेनभाई मागून येऊन डोळे मिटून उभेच राहिले. ते म्हणाले, "हा वास मी बाटलीत घालून विकतो. हे असली हाय पंत. माझ्याकडच्यात पण इतकं असली न्हाय."

मी म्हणालो तुकारामाचे काम. रावसाहेबांनी आता सोंगे आणायला सुरुवात केली. मी चिडून पुढे पाहिले.

सडा पुढे पडत होता. आमच्यापुढे दहा-बारा हातांवर, कोरड्या फुफाट्यावर, एका झटक्यात ठिपक्यांची ओळ उमटत होती. मग दमाने दुसरी ओळ, तिच्यापुढे. हाताने पसाभर पाणी फेकावे आणि पुन्हा मडक्यात हात बुडवावा, एवढा मध्ये वेळ. पाणी हवेत दिसे. पडताना चमके. फेकणारे कोणी नव्हते.

मी उलट्या-सुलट्या सगळ्या तपासण्या केल्या. वर झाडाची फांदी नव्हती, मोकळे आभाळ होते. बारवेत उतरलो — तळाशी चिखलाच्या खपल्या वाळून वर आलेल्या, पाण्याचा टिपूस नाही. दुसऱ्या दिवशी सदरा खोचून त्या ओळींच्या पुढे धावत गेलो आणि वाटेत आडवा उभा राहिलो. पाणी माझ्या पायांवर पडले. रांजणातल्या पाण्यासारखे गार. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुकारामाला त्याच्या खोपटातून उठवून आणले आणि दंड धरून शेजारी उभा केला. आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सडा पडत गेला. मी तुकारामाचा दंड इतका आवळला होता की तो कळवळला.

"मला कशापायी धरता जी?" तो म्हणाला. "म्या हेच बघितलं व्हतं की. मालकास्नी सांगितलं. मालक म्हनले, पानी-बिनी काय सांगू नगंस, हडळ सांग, म्हंजी लोक भ्यातील."

म्हणजे पाहा! रावसाहेबांनी खऱ्या गोष्टीची टिंगल करून तिची खोटी गोष्ट बनवली होती, ती खोटी म्हणून मी पैज लावली होती, आणि आता ती खरी गोष्ट माझ्याच पायांवर पडून माझी विजार भिजवत होती.

मला भीती वाटली का, असे पुष्कळ जण विचारतात. नाही वाटली. संताप झाला. जे काय होते ते इतकी वर्षे कुठे गेले होते? पौर्णिमा उलटेपर्यंत थांबायला काय हरकत होती? मी उभ्या वाटेवर मोठ्याने म्हणालो की बाई असशील वा बुवा असशील, चार दिवस दम धर, मग नदी आण हवी तर. हुसेनभाई म्हणाले, "भूत कामसू हाय, पंत. त्याला रजा मंजूर न्हाय." जानकी मात्र हसली नाही. ती अनवाणी त्या ओल्या वाटेवरून चालत होती, तळवे पूर्ण टेकवून. दुखण्यानंतर तिच्या पायांची आग होत असे. त्या दिवसांत ती होत नव्हती.

पौर्णिमा आली. दुपारी जेवताना मी विषय काढला. तिने ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "मला विचारू नका. विचारलंत तर मी म्हणेन, काही नव्हतं म्हणून सांगा."

"खोटं सांगू?"

"मला वाट हवी आहे. तुमचं खरं तुम्हाला पेढीवर उपयोगी पडतं. मला पहाटे श्वास घ्यायला वाट लागते." आणि थोड्या वेळाने, "पण तुम्ही काय करणार ते मला ठाऊक आहे. म्हणूनच म्हटलं, विचारू नका."

संध्याकाळी ओट्यावर गेलो. हुसेनभाईंनी कोपऱ्यावर मला गाठून सुचवले होते की पंत, पाहिले ते पाणी. पाणी म्हणजे काय भूत असते? एवढेच सांगा की मी भूत पाहिले नाही, तर तेही खोटे नाही. मी म्हणालो, पैज भुताची नव्हती, काही दिसण्या-न दिसण्याची होती, आणि मला दिसले आहे. ओट्यावर बसून पाहिले ते सगळे सांगितले — थेंब, ओळी, बारव, माझे भिजलेले पाय. वकिलांनी चष्मा पुसला. रावसाहेब सबंध वेळ मिशीत हसत होते. त्यांना वाटले पंतांना उन्हाळा लागला. त्यांना माझ्या बोलण्यातला एक शब्द खरा वाटत नव्हता, तरी त्याच शब्दावर त्यांनी पन्नास रुपये उचलले आणि कोटाच्या खिशात घातले. सोमवारी खांब रोवून तारा ओढतो म्हणाले.

त्या वेळी माझे डोके फिरले. मी उठून म्हणालो, "रावसाहेब, पैसे घेतलेत. आता विकत काय घेतलंत ते बघायला तरी चला. उद्या पहाटे."

ते टाळत होते. वकील शांतपणे म्हणाले, "जा की. मालकानं माल बघून घ्यावा."

घरी जानकी माझ्याशी बोलली नाही. ताट वाढले, पाणी ठेवले. पहाटे मात्र मी निघालो तेव्हा ती दारात तयार होती. शेवटचे चालून घेते, असा चेहरा.

रावसाहेब तुकारामाला घेऊन खंदकापाशी थांबले होते. हातात चांदीच्या मुठीची काठी, पायात करकरते जोडे. वाटभर माझी थट्टा चालली होती. भुताला पगार किती, पाण्याची पट्टी कोण भरते, वगैरे. पश्चिमेला पौर्णिमेचा चंद्र अजून होता आणि इकडे उजाडत होते, त्यामुळे वाट स्वच्छ दिसत होती. बारवेच्या अलीकडे आलो, आणि पहिली ओळ पडली.

रावसाहेब बोलता बोलता थांबले. दुसरी ओळ पडली, तिसरी पडली. ते थोडे पुढे झाले, काठीच्या टोकाने ओली माती उकरून पाहिली, झाडांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. घाबरले होते, पण माणूस घाबरतो तेवढेच. अजून त्यांच्या तोंडावर कोणाचे तरी सोंग उघडे पाडायचा आव होता.

तेव्हा जानकी बोलली. आदल्या संध्याकाळपासूनचे तिचे पहिले शब्द. तिला काही सिद्ध करायचे नव्हते, बायका दुसरीच्या रांगोळीविषयी बोलतात तशा स्वरात ती म्हणाली, "रावसाहेब, ही बाई डावखुरी आहे हं. माझा सडा उजवीकडे दाट पडतो आणि डावीकडे विरळ होतो. हिचा बघा, रोज उलटा. मडकं उजव्या कुशीवर, फेकते डाव्या हातानं." मग सहज म्हणाली, "कुठल्या घरात चालवून घेतलं असेल कोण जाणे. डाव्या हातानं सडा घातला तर आमच्या सासूबाईंनी हातावर पलिता ठेवला असता."

रावसाहेबांची काठी हातातून पडली.

तो चेहरा मी विसरणार नाही. भूत पाहिल्याचा तो चेहरा नव्हता. भूत तर ते मघापासून पाहत होते. रस्त्यात कोणी आपल्याला नावाने हाक मारावी, आणि ती हाक कोणाची ते कळावे, तसा तो होता. त्यांनी मागे न पाहता हात लांब करून तुकारामाचा खांदा धरला. एक जोडा काढला, मग दुसरा. ओल्या मातीवर त्यांनी पाऊल टाकले नाही. वाट सोडून ते कडेच्या बाभळीच्या काट्यांत अनवाणी उतरले आणि काट्यांतूनच, सड्याच्या कडेकडेने, बारवेपर्यंत चालत गेले. काटे मोडत होते ते आम्हाला दिसत होते. बारवेच्या काठावर थोडा वेळ उभे राहिले. मग आल्या पावली, तसेच काट्यांतून, परत गेले. तुकाराम जोडे आणि काठी उचलून मागोमाग गेला. त्याने आमच्याकडे पाहिले नाही.

त्या दिवसापासून सडा बंद झाला.

सोमवारी खांब आले नाहीत. पुढेही आले नाहीत. मळ्याची हद्द होती तिथेच राहिली, इंजिनाचे नाव पुन्हा कोणी काढले नाही, आणि महिन्या-दीड महिन्यात फिरणारी माणसे हळूहळू परत आली. जानकीला वाट मिळाली. या गोष्टीचा शेवट गोड आहे असे म्हणणारे म्हणतात. मी म्हणत नाही.

वकिलांकरवी रावसाहेबांनी सगळे पन्नास रुपये परत पाठवले. त्यांचे पंचवीस त्यांचेच, ते वकिलांनी त्यांना परत धाडले. माझे पंचवीस मी घेईना. पैज मी हरलो होतो. मला दया नको होती, मला उत्तर हवे होते. म्हणून मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीत झोपाळ्यावर बसले होते, दोन्ही पायांना पट्ट्या. मी विचारले की ती कोण होती. ते म्हणाले, "वाट तुमची झाली, पंत. आणखी काय पाहिजे?"

मी म्हणालो, "माझं खरं तुम्ही पंचवीस रुपयांना घेतलंत. माझ्या बायकोची वाट पणाला लावून मी ते दिलं. तुमचं खरं केवढ्याला आहे तेवढं सांगा."

त्यांनी झोपाळा थांबवला. उठले, पट्ट्यांच्या पायांनी लंगडत आत गेले आणि दार लोटले. आत कोणीतरी बाईमाणूस हळू आवाजात काहीतरी विचारत होते. त्यांनी काय उत्तर दिले ते ऐकू आले नाही. मी ओसरीत पुष्कळ वेळ उभा होतो. चहाही आला. मी तो घेतला नाही.

तुकारामाला विचारून पाहिले. त्याची तीन पिढ्यांची चाकरी त्या घरात. तो म्हणाला, "म्या त्यांचं मीठ खाल्लंय जी." म्हणजे त्यालाही ठाऊक होते! पेठेतल्या म्हाताऱ्यांना विचारले. कोणी म्हणे त्या घरात एक सून होती, कोणी म्हणे पोरकी भाची होती, कोणी म्हणे असले काही नव्हते, लोक बोलतात. बारवेला कठडा नाही एवढेच सगळे एकमताने सांगत. त्याच्यापुढे ज्याची त्याची जीभ अडे.

जानकी म्हणते, जाऊ द्या. त्या बाईला त्यांना वाटेवर आणायचे होते, आपण निमित्त. हेच मला सोसत नाही. मी कोणाचे निमित्त व्हायला पहाटे उठत नव्हतो. पाणी माझ्या पायांवर पडले, पैज मी हरलो, चारचौघांत वेडा मी ठरलो — आणि त्याचा अर्थ फक्त त्या एका माणसाला कळला, जो तो कोणाला सांगत नाही. भुताचे मला काही वाटत नाही. भूत बिचारे रोज येऊन आपले काम करीत होते. राग आहे तो तोंड बंद ठेवणाऱ्या जिवंत माणसांचा.

पाणी दिसत होते आणि हात दिसत नव्हता, हे कसे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. शास्त्र शिकलेल्या दोघा-तिघांना विचारले. त्यांनी दव म्हणून सांगितले. वैशाखात, सोलापुरात, फक्त वाटेवर, ओळीने पडणारे दव! त्यांना मी नमस्कार करून आलो.

पंचवीस रुपये वर्षभर वकिलांच्या कपाटात पडून होते. पुढच्या चैत्रात हुसेनभाईंनी तोडगा काढला, आणि त्यातून बारवेपाशी चिंचेखाली पाणपोई घातली. रांजणांचे आणि मडक्यांचे पैसे कुंभाराला दिले, मांडवाचे बुरुडाला. उरलेले तुकारामाच्या बायकोला, दोन महिने पाणी भरण्याबद्दल. माझी रक्कम तिथे फिटली.

त्या अक्षय्य तृतीयेला पाणपोईवर तुकाराम भेटला. त्या दिवशी घरोघर वारलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा करा दान देतात, तसे रावसाहेबांकडेही दिले होते. तुकाराम रांजणावर फडके गुंडाळत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "या साली मालकांनी एक करा जास्त दिला जी. भटजींनी नाव इचारलं."

"मग? काय सांगितलं?"

"न्हाय सांगितलं. म्हनले, नाव ऱ्हाऊ द्या, पानी घ्या."

तेव्हा माझे पंचवीस पाणपोईला, आणि त्यांचा एक करा पेठेतल्या भटजींना. कोणाच्या नावाने, ते अजून लिहिता येत नाही.